राजवाड्यासमोरची सावली : एका पेस्टल चित्राचा प्रकरण अभ्यास

प्रकरण

इंदूरच्या रामबागेत माझ्या घरी दर रविवारी सकाळी चित्रकलेचा लहानसा वर्ग भरतो. येणाऱ्यांत शाळकरी मुले थोडी आणि नोकरीतून निवृत्त झालेली माणसे जास्त असतात. ज्यांच्या चित्राचा हा अभ्यास आहे त्या बँकेतून निवृत्त झालेल्या आणि माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठ्या आहेत. वर्गात सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही म्हणतो, आणि त्या मात्र मला सर म्हणतात. दोन वर्षे त्यांनी सॉफ्ट पेस्टलमध्ये फळे, तांब्या-पितळेची भांडी आणि झाडे रंगवली होती, त्यामुळे हात चांगला बसलेला होता. डिसेंबरात त्यांनी प्रथमच शहराचा रस्ता घेतला. भाच्याने फोनवर काढलेला फोटो समोर ठेवून दोन-दोन तासांच्या तीन बैठकांत त्यांनी चित्र पूर्ण केले आणि ते माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "सर, फोटोत आहे ते सगळं काढलंय, एक खिडकी सोडली नाही. पण ऊन कुठे गेलं तेच समजत नाहीये."

तक्रार इतकी नेमकी क्वचितच कोणी करतो. पहिले चित्र का फसले, त्यानंतर काय तपासले आणि दुसऱ्या चित्रात काय बदलले, याची ही नोंद आहे.

माध्यमाविषयी दोन वाक्ये आधीच सांगितलेली बरी. आपल्याकडे पेस्टल म्हटले की शाळेच्या दप्तरातले तेलकट खडू आठवतात; त्यांत रंगद्रव्य मेणात आणि न वाळणाऱ्या तेलात घोटलेले असते. सॉफ्ट पेस्टल हा वेगळा प्रकार आहे : रंगद्रव्य, खडूसारखी पूड आणि कांडी मोडू नये इतपतच डिंक. त्यामुळे रंग कागदावर चिकटून बसत नाही, कागदाच्या खरखरीत दाण्यांत अडकून राहतो. या चित्राचे निम्मे यश-अपयश त्या दाण्यांवर अवलंबून होते.

फोटो

फोटो कृष्णपुऱ्याच्या बाजूने, होळकरांच्या जुन्या राजवाड्याकडे तोंड करून, दुपारी चारच्या सुमारास काढलेला आहे. डिसेंबरात इंदुरात पावणेसहाच्या आसपास सूर्यास्त होतो. चारला सूर्य बराच खाली आणि नैर्ऋत्येला असतो, म्हणजे राजवाड्याकडे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला, किंचित समोर. डावीकडच्या इमारतींची पाठ उन्हाकडे असल्याने त्यांची रस्त्याकडची बाजू पूर्ण सावलीत होती. त्यांची सावली रस्ता ओलांडून उजवीकडच्या दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचली होती आणि उजवीकडचे वरचे मजले उन्हात उजळले होते. डावीकडे दोन इमारतींच्या मधल्या फटीतून उन्हाची एक पाचर रस्त्यावर आडवी पडली होती आणि त्या पाचरीत पेरूंची एक हातगाडी उभी होती. (पेरूंना इंदूरकर मराठी माणूसही जामच म्हणतो.) मागे राजवाडा, वर तारांचे जाळे, मध्ये ई-रिक्षा, दुचाक्या आणि माणसे.

फोटो चांगला होता, आणि अडचण तिथूनच सुरू होत होती. आजचे फोन एका दाबात कमी-अधिक प्रकाशाच्या अनेक छबी टिपतात आणि त्यांची मिळून एकच छबी तयार करतात. सावलीतला तपशील बुडू नये म्हणून सावली उजळली जाते आणि आकाश पांढरे पडू नये म्हणून उजेड दाबला जातो. दुकानाची पाटी वाचता यावी, माणसाचा चेहरा ओळखू यावा, यासाठी ही सोय उत्तम आहे. पण त्यात ऊन आणि सावली यांच्यामधले अंतर कमी होते, आणि रस्त्याच्या चित्रात नेमके ते अंतरच रंगवायचे असते. शिवाय फोन पांढऱ्याचा तोल आपणहून सावरतो. उन्हाचा केशरीपणा असो की सावलीचा निळेपणा, त्याला तो दोष वाटतो, म्हणून तो दाबायला बघतो, आणि या फोटोत सावलीतला निळा-जांभळा रंग राखाडी होऊन बसला होता.

हे शहर रस्ता समोर बसून रंगवणाऱ्यांचे आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली येथे चित्रकला विद्यालय सुरू केले, बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर, हुसेन ही नावे त्या शाळेशी जोडलेली आहेत, आणि उघड्यावर बसून चित्र करणे हा तिथल्या शिक्षणाचा मोठा भाग होता. त्या परंपरेचा अभिमान बाळगणारी काही मंडळी फोटोवरून काम करण्याला कमी लेखतात. मला ते पटत नाही. राजवाड्यासमोर दुपारी चारला चित्राची घोडी मांडून दोन तास बसणे आज साठीतल्या बाईला शक्य नाही, आणि शक्य असले तरी उन्हाची पाचर तितका वेळ थांबणार नाही. फोटो ती थांबवून ठेवतो, हा त्याचा मोठा उपकार आहे. आपण त्याच्याकडून कोणते काम घेतो, यावर पुढचे सगळे ठरते.

पहिले चित्र

लहान दोष आधी उरकतो. काकूंनी एथ्री आकाराचा कागद घेतला, फोटोवर सहा गुणिले आठ चौकोन आखले आणि कागदावरही तेवढेच आखले. फोनच्या फोटोचे प्रमाण तीनास चार असते. एथ्री कागद २९.७ गुणिले ४२ सेंटीमीटर असतो. त्यामुळे कागदावरचा प्रत्येक चौकोन ४.९५ सेंटीमीटर रुंद आणि ५.२५ सेंटीमीटर उंच झाला, म्हणजे चौकोन राहिलाच नाही, आणि अख्खा रस्ता सुमारे ६ टक्क्यांनी उभा ताणला गेला. झाडाच्या चित्रात हे कोणाच्या लक्षातही आले नसते. राजवाडा मात्र इंदूरकराच्या डोळ्यांत इतका बसलेला आहे, की तो आजारातून उठल्यासारखा दिसतो हे वर्गातल्या आठवीतल्या मुलानेही ओळखले. खालचे २.४ सेंटीमीटर सोडून चौकट आखली असती तर हा प्रश्न उद्भवला नसता.

दुसरा दोष उभ्या रेषांचा होता. भाच्याने फोन डोक्यावर उंच धरून थोडा वर कलवला होता, त्यामुळे इमारतींच्या उभ्या कडा वर जाताना आत झुकल्या होत्या. काकूंनी राजवाडा मनाने सरळ केला आणि बाजूच्या इमारती फोटोप्रमाणे झुकलेल्या ठेवल्या. दोन्ही एकाच चित्रात आले की ती घरे पडायला आल्यासारखी भासतात.

आता मुख्य गोष्ट. राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. इथे वाढलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. १९८४ च्या दंगलीत वाड्याला लागलेली आग काकूंनी तरुणपणी पाहिलेली असल्याने त्यांच्या मनात या इमारतीविषयी वेगळी माया आहे. त्यांनी सातही मजले मोजून काढले, दगडाचा राखी आणि लाकडाचा तपकिरी रंग वेगवेगळा लावला, झरोक्यांच्या कमानी पेस्टल पेन्सिलीने कोरल्या, आणि वाडा महत्त्वाचा म्हणून त्याला चित्रातला सर्वांत गडद रंग दिला. प्रत्यक्षात त्या वेळी वाड्याची दर्शनी बाजू सावलीत असते आणि मधल्या हवेत चौकातली धूळ, धूर आणि तिरपे ऊन मिसळलेले असते. तिथे दगड आणि लाकूड यांच्यात फरक उरत नाही. फिकट जांभळट राखी रंगाचा एकच सलग आकार उभा असतो. काकूंनी ठाऊक असलेला वाडा रंगवला होता. फोटोने सावली उजळून सातही मजल्यांचा तपशील समोर मांडल्यामुळे त्यांच्या माहितीला फोटोची साक्षही मिळाली.

हीच मोजदाद सगळीकडे झाली होती. दुकानांच्या पाट्या अक्षरे वाचता येतील अशा लिहिल्या होत्या. फोटोत मोजून चौदा तारा होत्या, चित्रातही चौदा होत्या. पेरूंची हातगाडी बारकाईने काढलेली होती, पण तिच्याखालची उन्हाची पाचर आणि भोवतालची सावली यांच्यात इतका कमी फरक होता की गाडी डांबरावर कुठेही उभी असावी असे वाटत होते. त्या पाचरीतच ऊन होते. ते चित्रातून गेले नव्हते. त्याच्या भोवतीची सावली उजळ झाली म्हणून ते दिसेनासे झाले होते.

हे जाणवल्यावर काकूंनी सावली गडद करायला घेतली, आणि तीही काळ्या कांडीने. काळा रंग लहान फटीत ठीक चालतो. मोठ्या सावलीत तो भोकासारखा दिसतो. तो सौम्य करायला त्यांनी बोटाने घासला. घासल्याने रंगाची पूड दाण्यांत खोल दाबली गेली, कागद गुळगुळीत झाला आणि पुढचा थर धरेना. शेवटी फिक्सेटिव्हचे, म्हणजे पूड कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे, तीन हात मारले. फिक्सेटिव्हने पुडीच्या कणांमधल्या मोकळ्या जागा भरतात, कणांवरून विखुरणारा प्रकाश कमी होतो आणि रंग गडदावतो. सर्वांत जास्त नुकसान फिकट रंगांचे होते. उजवीकडच्या भिंतींवर जे थोडे ऊन शिल्लक होते, तेही गेले.

तपासणी

मी त्यांना काही समजावून सांगण्याआधी एक साधी गोष्ट केली. त्यांच्या चित्राचा फोटो काढला, मूळ फोटोही घेतला आणि दोन्ही फोनमध्येच कृष्णधवल करून शेजारी-शेजारी ठेवले. रंग निघून गेल्यावर मूळ फोटोतही उन्हातली भिंत आणि सावलीतली भिंत यांच्यात फारसे अंतर नव्हते. चित्रात ते त्याहून कमी होते. काकू बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी फोटोला जास्तच मानलं."

पुढच्या रविवारी चार वाजता आम्ही दोघे आणि भाचा जागेवर गेलो. आठवड्याभरात सूर्याच्या जागेत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे सावली जवळजवळ तशीच होती. बरोबर रंग नेले नाहीत. फोटोची साध्या कागदावर काढलेली एक प्रत, एक पेन्सिल आणि एकच नियम नेला : डोळे अर्धे मिटून पाहायचे आणि प्रतीवरच्या मोठ्या आकारांवर एक ते पाच आकडे घालायचे, एक म्हणजे सर्वांत फिकट, पाच म्हणजे सर्वांत गडद. वस्तूचे नाव घ्यायचे नाही, फक्त आकडा सांगायचा.

चाळीस मिनिटांत प्रत भरली. उजवीकडच्या उन्हातल्या भिंती आणि रस्त्यावरची पाचर, एक. आकाश, दोन. राजवाडा, तीन, काकूंनी आधी चार म्हटले, डोळे अर्धे मिटून पुन्हा पाहिले आणि स्वतःच खोडले. डावीकडची रांग आणि सावलीतला रस्ता, चार. छपऱ्यांखालचे कोपरे आणि गाड्यांच्या पोटाखालची जागा, पाच. फोटोत राजवाडा आणि डावीकडची रांग यांना एकच आकडा पडला असता. जागेवर त्यांच्यात पूर्ण एका पायरीचे अंतर होते आणि रस्त्याची लांबी त्या पायरीतून जाणवत होती.

आणखी काही गोष्टी फोटोत नव्हत्या. उन्हातल्या भिंतीवरच्या पाट्या वाचताच येत नव्हत्या, इतकी भिंत झगझगत होती. सावलीतला रस्ता राखाडी नव्हता. वरच्या मोकळ्या आकाशाचा निळेपणा त्याच्यावर उतरला होता आणि डावीकडच्या दुकानांत लवकर लावलेल्या दिव्यांचा पिवळसर उजेड पायऱ्यांवर सांडला होता. दूरचे सगळे निळे होत जाते, असे चित्रकलेच्या पुस्तकांत वाचलेले असते. आपल्या बाजाराच्या रस्त्यावर उन्हाकडे पाहताना मध्ये धूळ असते आणि दूरचे निळसर होण्याऐवजी फिकट, मातकट जांभळे होते. सावलीच्या कडांचा फरकही काकूंनी स्वतः टिपला. हातगाडीच्या चाकाची सावली चाकू फिरवावा तशी धारदार होती, तर पंचवीस-तीस मीटर अंतरावरच्या गच्चीच्या कठड्याची सावली हातभर रुंदीत विरत गेली होती. सूर्य बिंदू नसून आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद असलेली तबकडी आहे. सावली टाकणारी कड सावलीपासून जितकी दूर, तितका हा विरघळणारा पट्टा रुंद होत जातो. फोटो मोठा करून पाहिल्यावर हे त्यातही दिसले, पण आधी कोणी शोधले नव्हते.

आम्ही उभे असतानाच सावली उजवीकडच्या शटरांवर गुडघाभर चढली आणि पाचर हातगाडीवरून सरकून गेली. भाचा म्हणाला, "मावशी, मी तेव्हा पाच मिनिटं उशिरा आलो असतो तर हा फोटोच नसता." ते खरे होते, आणि दुसऱ्या चित्राचा विषय काय असावा, हेही त्यातून ठरले. विषय राजवाडा नव्हता. विषय ती पाचर होती.

दुसरे चित्र

कागद कॅन्सनचा मी-तँत घेतला, चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा, मध्यम तपकिरी रंगाचा. या कागदाच्या एका बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखी ठसठशीत वीण असते आणि दुसरी बाजू बारीक दाण्याची असते. पहिल्या चित्रात पोळ्याची बाजू वर होती आणि आकाशात जाळीची ठिपकेदार नक्षी उमटली होती. या वेळी बारीक बाजू घेतली. ५० गुणिले ६५ सेंटीमीटरच्या तावातून ३० गुणिले ४० चा तुकडा कापला, म्हणजे फोटोचे तीनास चार प्रमाण आपोआप जुळले. तपकिरी रंग निवडण्याचे कारण असे की तो साधारण तीन आकड्याच्या गडदपणाचा होता, त्यामुळे फिकट आणि गडद दोन्ही बाजूंना पहिल्या रेघेपासून अंदाज येत गेला. पांढऱ्या कागदावर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि हात सावलीला बिचकतो.

रंग लावण्यापूर्वी काकूंनी काड्यापेटीएवढे चार आराखडे केले, फक्त काळा, राखाडी आणि कोरा कागद वापरून. पहिल्या तीनांत राजवाडा मधोमध होता. चौथ्यात फोटोचा वरचा आणि उजवीकडचा भाग प्रमाण राखून छाटला, वाडा वर उजवीकडे सरकला, पाचर खालच्या तिसऱ्या भागात आली आणि सावलीचा मोठा आकार डावीकडून वाहत येऊन तिला वळसा घालू लागला. काकूंनी तोच निवडला. वर्गात यावर थोडी कुरबूर झाली. राजवाड्याचे चित्र म्हणायचे आणि राजवाडा कोपऱ्यात ठेवायचा, हे एका काकांना मान्य नव्हते. काकू बधल्या नाहीत.

रेखाटन बारीक कोळशाच्या कांडीने केले आणि ते कापडाने झटकून पुसट ठेवले. सर्व उभ्या कडा कागदाच्या कडेशी समांतर केल्या. क्षितिजाची रेषा मात्र फोटोतलीच ठेवली. फोन डोक्याच्या वर धरलेला असल्यामुळे ती माणसांच्या डोक्यांवरून, शटरच्या वरच्या कडेजवळून जात होती, आणि रस्त्यातली सगळी डोकी तिच्याखाली पडत होती. जवळच्या माणसाचे डोके रेषेपासून जास्त खाली, दूरच्याचे तिच्या जवळ. माणसे हवी तशी मागे-पुढे हलवायची असतील, तर हा एक हिशेब पक्का असावा लागतो. नाहीतर कोणी राक्षस होतो आणि कोणी खड्ड्यात उभा राहतो.

पहिला थर कडक, चौकोनी कांड्यांच्या आडव्या बाजूने दिला. सावलीच्या सगळ्या आकारांना, भिंत असो, रस्ता असो की रिक्षा, एकच गडद निळा-जांभळा रंग, मध्ये सीमा न ठेवता. उन्हाच्या आकारांना पिवळ्या मातीचा रंग (यलो ऑकर). राजवाड्याला जांभळट राखी. वीस मिनिटांत कागदावर पाच तुकडे उभे राहिले आणि एकही खिडकी नसताना ऊन दिसू लागले. स्पिरिटने हा थर ओला करून पसरवण्याची पद्धत आहे. खरखरीत लेप दिलेल्या जाड कागदावर ती मला आवडते, पण १६० ग्रॅमच्या कागदाला लाटा येण्याचा धोका नको म्हणून टाळली.

यानंतर काळी कांडी पेटीतून काढून माझ्याकडे ठेवून घेतली. सर्वांत गडद जागांसाठी इंडिगो, गडद तपकिरी आणि बाटलीहिरवा एकमेकांवर चढवले. बोटाने घासण्यावरही बंदी होती. रंग मिसळायचा तर दुसरी कांडी हलक्या हाताने वरून फिरवायची, म्हणजे खालचा थर दाण्यांच्या फटीतून डोकावत राहतो आणि सावलीत हवा राहते. सावलीतल्या रस्त्यावर निळ्यावरून जुना गुलाबी आणि मातकट हिरवा असे हलके हात फिरवले, तिन्हींचा आकडा चारच ठेवून. काकूंच्या लक्षात आलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच होती, की आकडा सांभाळला तर सावलीत कोणताही रंग खपतो. त्याच्या जोडीला मी एक ठोकताळा दिला : सावलीतली सर्वांत उजळ वस्तूही उन्हातल्या सर्वांत गडद वस्तूपेक्षा गडद ठेवायची. म्हणून सावलीतला पांढरा सदरा निळसर राखी झाला आणि उन्हातली मळकी भिंत त्याच्याहून उजळ. दुकानातले दिवे या ठोकताळ्यात बसत नाहीत, कारण ते स्वतः उजेड देतात. तरीही ते दोनच ठिकाणी ठेवले, नाहीतर डोळा पाचरीकडे गेलाच नसता.

गर्दीचे काय करायचे, यावर एक बैठक गेली. फोटोत तेवीस माणसे होती. चित्रात नऊ राहिली. सावलीतल्या माणसांना वेगळी बाह्यरेषा दिली नाही, खालून निमुळत्या गाजरासारखा एक आकार आणि वर लहानसे डोके, खांद्यावर मागून येणाऱ्या उजेडाची एक रेघ, एवढेच. ई-रिक्षा सावलीत विरघळू दिली, फक्त तिच्या टपाची कड पकडली. पाट्यांवर अक्षरे नाहीत, रंगाचे तिरपे पट्टे आहेत. गंमत म्हणजे पहिल्या चित्रातल्या सुवाच्य पाट्यांपेक्षा हे पट्टे जास्त पाट्यांसारखे वाटतात. चालता-चालता आपण तरी पाट्या कुठे वाचतो?

मऊ, लोण्यासारख्या कांड्या शेवटच्या बैठकीसाठी राखून ठेवल्या होत्या. त्यांनी दाणे लवकर भरतात, म्हणून कडक आधी आणि मऊ नंतर, हा क्रम मोडता येत नाही. पाचरीत फिकट लिंबोणी रंगाची मऊ कांडी दाबून एकेक ठसा उमटवला, तो पुन्हा न छेडता. पेरूंवर तीनच हिरवट-पिवळे ठिपके उन्हातले. बाकीचा ढीग सावलीतला ऑलिव्ह. चाकाची सावली धारदार, गच्चीच्या सावलीची कड कांडी आडवी धरून पुसट केलेली. उन्हातल्या भिंतीवर खिडक्या सातच्या जागी तीन, त्याही पुसट. अगदी शेवटी कडक कांडीच्या धारेने तीन तारा, मध्ये तुटलेल्या, एका ओढीत. फिक्सेटिव्ह फक्त पहिल्या थरानंतर एकदा, दूर धरून मारले होते. वरच्या थरांवर मारले नाही.

काम चालू असताना पंखा बंद, तोंडाला मास्क आणि चित्राची फळी किंचित पुढे झुकलेली, म्हणजे पूड खालच्या रंगांवर न पडता सरळ जमिनीवर पडते. पूड फुंकून उडवायची काकूंना जुनी सवय आहे. ती दोनदा टोकावी लागली.

काय साधले, काय राहिले

दुसरे चित्र कृष्णधवल करून पाहिले तेव्हा पाचही पायऱ्या वेगळ्या दिसल्या आणि पाचर खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू आली. मूळ फोटोशेजारी ठेवल्यास ते त्याच्यासारखे दिसत नाही. भाच्याला मात्र ते त्या दुपारसारखे वाटले.

दोष आहेत. उजवीकडच्या उन्हातल्या भिंतीवर काकू दोनदा परत गेल्या. तिथे पिवळी माती दाट झाली आहे आणि भिंत उन्हात नसून तिला पिवळा रंग दिला आहे, असे वाटते. तिथे तपकिरी कागदच उघडा सोडला असता तर बरे झाले असते. दुरून चालत येणाऱ्या एका बाईचे डोके क्षितिजरेषेच्या वर गेले आहे, त्यामुळे ती ओट्यावर उभी असावी अशी भासते. मी ते पाहिले होते, पण बोलायला उशीर झाला आणि तिच्या पदराचा शेंदरी ठिपका इतका जमून आला होता की पुसवेना. राजवाड्याच्या एका कमानीला पेस्टल पेन्सिल लागलेली आहे. ती माझ्या अनुपस्थितीत लागली.

चौकट करताना काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये जाड माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याचे, दोन थर घातले. पहिल्या वेळी चौकट करून देणाऱ्याने एकच पातळ थर दिला होता आणि आठवड्यात काचेच्या आतून पाचरीचा उजळ भाग उमटला होता. चौकट उघडून तो भाग पुन्हा रंगवावा लागला.

उजेडाने कोणता रंग किती उडतो हे पाहायला जानेवारीत काकूंनी घरी एक पट्टीही लावली. चित्रात वापरलेल्या प्रत्येक कांडीची एकेक रेघ कागदावर ओढली, निम्मी पट्टी काळ्या कागदाने झाकली आणि दक्षिणेच्या खिडकीत चिकटवली. एप्रिलमध्ये झाकण काढले तेव्हा निळे, तपकिरी आणि माती रंग जसेच्या तसे होते, पण सावलीतल्या रस्त्यावर फिरवलेला जुना गुलाबी उघड्या बाजूला निम्म्यावर आला होता. चित्र आता बैठकीतून काढून उजेड कमी असलेल्या आतल्या भिंतीवर लावले आहे, आणि ती गुलाबी कांडी पेटीतून वेगळी काढून मुलांच्या डब्यात गेली आहे.